चांदणं कुणाच्या कामाचं?

(धाराशिव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला आहे : लोकगीतांतलं चांदणं, प्रेम आणि खेड्यातलं जगणं. विषय इतका गोड आहे की तासभर साखर वाटून खाली बसता येईल. पण ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकलेली बरीच मंडळी समोर दिसतात. गुरुजींना अघळपघळ बोलणं खपत नसे. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो.

आपल्या भागातल्या बायकांच्या गाण्यांत प्रेम भरपूर आहे आणि चंद्रही भरपूर आहे. पण ही दोघं एका ठिकाणी फार क्वचित भेटतात. चांदणं आहे ते कामाला, वाटेला, यात्रेला. प्रेम आहे ते पहाटेच्या अंधारात, जात्यापाशी. चांदण्यात हातात हात घालून फिरणारी जोडी आपल्या गाण्यात बाहेरून आली, आणि ती इतकी ठाण मांडून बसली की आता आपल्याला जुनी गाणीही तिच्याच डोळ्यांनी दिसतात. हे कुणाला पटणार नाही, ठाऊक आहे. पटवून द्यायचा प्रयत्न करतो.

सुरुवात जात्यापासून करावी लागेल, कारण ओवीचं घर तेच. ज्वारी खाणारा आपला मुलूख. खटल्याच्या घरात रोज दळण आलंच. गिरणी येईपर्यंत ते बायकांनी पहाटे उठून करायचं, कारण दिवस उजाडला की झाडलोट, पाणी, धारा, भाकरी आणि मग रान. घड्याळ नव्हतं. पहाटेची चांदणी, म्हणजे शुक्र, वर आली की उठायचं; आणि शुक्र तर वर्षाचे कित्येक महिने पहाटे दिसतच नाही, मग तिकांडं कुठं गेलं, बाज कुठं कलली, यावरून वेळ ओळखायची. आता चंद्राचं पाहा. शुद्ध पक्षात तो पहाटेच्या आधीच मावळलेला असतो. म्हणजे महिन्यातले पंधरा दिवस तर दळणाच्या वेळी चांदणं नाहीच. उरलेल्या पंधरा दिवसांत ते असलं तरी घराबाहेर. आपली घरं माळवदाची. जाड भिंती, खिडकीला फाटा, धूर जायला वर एक सवणं. जातं असायचं आत, भिंतीच्या कडेला. पेटवलीच तर चिमणी, नाहीतर तीही नाही. तेल कुणाच्या बापाचं? खुंटा हाताला सापडतो, वैरण ओंजळीला कळते, पीठ बोटांना कळतं. दळायला उजेड लागत नाही.

आणि गायलाही लागत नाही. उलट अंधारच बरा. जाऊ समोर बसलेली, सासू पलीकडे अंथरुणात जागी, जात्याची घरघर मध्ये. त्या घरघरीच्या आडोशानं जे बोलायचं ते बोलून घ्यायचं. ओवी म्हणजे सगळ्यांना ऐकू जाणारं पण कुणाच्या तोंडावर न फेकलेलं बोलणं. सासूला टोमणा द्यायचा तर तो सीतेच्या सासुरवासातून. डॉ. ना. गो. नांदापूरकरांनी मराठवाड्यातल्या बायकांच्या रामकथेच्या ओव्या गोळा करून 'मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा' छापली. ती वाचताना लक्षात येतं की या बायकांना रामाच्या पराक्रमात फारसा रस नाही. त्यांचं मन सीतेच्या वनवासात अडकलेलं आहे, आणि तो वनवास बोलता बोलता त्यांचा स्वतःचा होऊन जातो.

नवऱ्याचंही असंच. ओव्यांचं कुठलंही जाडजूड संकलन उघडा. आईवर, भावावर, लेकीवर, विठ्ठलावर पानंच्या पानं. नवऱ्यावरचा भाग त्या मानानं आखूड. याचा अर्थ नवऱ्यावर प्रेम नव्हतं असा काढणारे लोक मला भेटतात, विशेषतः शहरात. त्यांनी जरा थांबून वाचावं. नवरा त्या ओव्यांत सरळ येत नाही, तो त्याच्या वस्तूंतून येतो. त्याची बैलं कशी तालात चालतात, बाजारातून परतताना त्याच्या पटक्याचा शेमला दुरून कसा ओळखू येतो, त्यानं आणलेल्या लुगड्याचा काठ केवढा. बैलांचं कौतुक करायला सासूची हरकत नसते! ज्या घरात नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, चारचौघांत त्याच्याकडे मान वर करून पाहायचं नाही, तिथं बाईनं प्रेम कुठं ठेवावं? तिनं ते बैलाच्या शिंगावर ठेवलं. मला ही प्रेमाची भाषा कुठल्याही भावगीतापेक्षा जास्त धीट वाटते, कारण ती पकडली जाण्याच्या अंतरावर उभी राहून बोलली गेली आहे.

मग चंद्र या ओव्यांत कुणाच्या वाट्याला आला? भावाच्या. बहीण भावाला चंद्राची उपमा देते. दोन भाऊ असले तर चंद्र-सूर्याची जोडी ठरलेली. भाऊबीजेच्या दिवशी जिला भाऊ नाही किंवा जिच्या भावाचं येणं झालं नाही, ती बाई अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळते. कार्तिक शुद्ध द्वितीयेची ती कोर, मावळतीला जेमतेम घटका-दोन घटका दिसणारी. तेवढ्यात तिला ताट घेऊन बाहेर यावं लागतं. आणि घरातलं लेकरू त्याच चंद्राला मामा म्हणतं. नातं अगदी पक्कं बसवलेलं आहे : आईचा भाऊ, लेकराचा मामा. आता तुम्हीच सांगा, भावाच्या डोळ्यांदेखत कोणती बाई नवऱ्याशी लाडीगोडी करील? मला वाटतं, आपल्या ओवीत चांदणं आणि शृंगार एकमेकांपासून दूर राहिले त्याचं मोठं कारण हे नात्याचं आहे. आकाशात माहेरचं माणूस बसलेलं आहे. त्याच्यापाशी रडता येतं, निरोप देता येतो, सासरचं गाऱ्हाणं सांगता येतं. बाकीचं त्याच्यासमोर नको.

हे आजचं नाही. आपल्या तेरला चला. संत गोरोबाकाकांचं तेर, आणि त्याच्याही आधीचं तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक नाविकी ग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं व्यापारी गाव म्हणून तगराचं नाव आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय ज्यांनी पाहिलं असेल त्यांना ते वैभव सांगायला नको. त्याच सातवाहनांच्या काळाशी, हाल राजाच्या नावाशी, जोडलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतातली. मराठीत ती स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली मोठ्या कष्टानं आणली. त्या सातशे गाथा म्हणजे खेड्यातल्या प्रेमाचा खजिना आहे. पाटलाची सून, नांगऱ्या, वाटसरू, पाणवठा, सगळं आपल्या ओळखीचं. आणि तिथं प्रेमिकांना भेटायला काय लागतं? उभं पीक. तागाचं, साळीचं, कापसाचं रान. पीक काढणीला आलं की बाई खिन्न होते, कारण भेटीची जागा जाणार. घरधनी खळं कसं भरेल याच्या आनंदात, आणि ही वेगळ्याच हिशेबात. चांदण्याचं तिथं काय? संस्कृत-प्राकृत काव्यशास्त्रानं तर रात्री भेटीला निघणाऱ्या नायिकेचे दोन प्रकारच करून ठेवले : काळोखात काळी वस्त्रं नेसून जाणारी आणि चांदण्यात पांढरी नेसून जाणारी. म्हणजे चांदण्यात तिला लपावंच लागतं. चांदणं तिचा मित्र नाही, पहारेकरी आहे.

आपल्या शाळूच्या रानात पुरुषभर उंचीची ज्वारी उभी असायची. राखणीला माचा, हातात गोफण. त्या रानात काय काय झालं असेल ते ज्वारीलाच ठाऊक. आता जिकडे तिकडे सोयाबीन. गुडघ्याएवढ्या सोयाबीनमध्ये कोण लपणार? पीकपद्धती बदलली की प्रेमाची पद्धतही बदलते, यावर कृषी विद्यापीठानं अजून संशोधन हाती घेतलेलं नाही.

हसलात, बरं झालं. आता चांदण्याच्या खऱ्या कामाकडे येऊ.

चांदणं सगळ्यात जास्त उपयोगाला यायचं ते खळ्यावर. माघ-फाल्गुनात शाळू निघायचा. कणसं खुडून खळ्यावर टाकायची, मध्ये तिवडा रोवलेला, त्याला बैलांची पात जुंपायची. दिवसा ऊन लागतं, बैल धापा टाकतात, रात्री गारवा. शुद्ध पक्ष साधून मळणी धरली की दिवा-कंदिलाची गरज नाही. वारा सुटला की रात्रीही वावडीवर उभं राहून उपणायचं. रास उघड्यावर पडलेली, म्हणून राखणीला माणूस हवाच, आणि चांदण्यात चोर लांबून दिसतो. अशा रात्री गाणी झाली. पातीमागे फिरणाऱ्या माणसाला झोप येऊ नये म्हणून, बैलांना आवाजाची सोबत असावी म्हणून. शाळू काढताना भलरी, मोट हाकताना मोटेवरची गाणी, खळ्यावर भजनं नाहीतर पोवाडा. मोटकरी बैलांना नावानं हाक मारून गातो. त्या गाण्यांत चांदणं असलं तर ते बैलाच्या पाठीवर पडलेलं. हरभरा उपटायचा तो मात्र पहाटेच्या दवात, कारण ऊन चढलं की घाटे फुटून गळतात. तिथं चांदणं संपत आलेलं असतं आणि बोटं आंबेनं चरचरत असतात. गाणं सुचायची ती वेळ नव्हे, तरी बायका गायच्या.

इथं एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. खळ्यावरच्या त्या चांदण्या रात्री पुरुषांच्या होत्या. उघड्या रानातलं, मोकळं, गप्पा मारायला वेळ देणारं चांदणं बाईच्या वाट्याला येत नव्हतं. ती घरी, कडी लावून, पहाटे दळायला उठायचं म्हणून लवकर पडलेली. तिच्या हक्काच्या खेळाच्या रात्री पाहा. पंचमीला माहेरी आलेल्या लेकी फेर धरतात, फुगड्या घालतात, झोके घेतात. पण ती श्रावण शुद्ध पंचमी, कोर लहान, त्यात ढग, आणि मध्यरात्रीच्या आधीच चंद्र गेलेला. आपल्या भागाचा सगळ्यात लाडका शेतीचा सण तर अमावास्येचाच! वेळ अमावस्या. आंबील, भज्जी, उंडे, कडब्याच्या कोपीतले चुना लावलेले पांडव. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगता सांगता आंबील संपून जाते. कर्नाटकातून आलेला हा सण आपण असा काही उचलला की त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. पण तो दिवसाचा सण. चंद्राला तिथं आमंत्रण नाही.

बाईला पूर्ण चांदण्यात, रात्री, घराबाहेर पडायची हक्काची परवानगी मिळाली ती देवीमुळे. येरमाळ्याच्या येडेश्वरीची मोठी यात्रा चैत्री पौर्णिमेची. दुसऱ्या दिवशी चुना वेचायचा. आणि तुळजापूरची अश्विनी पौर्णिमा. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की आई पलंगावर निजते. ती श्रमनिद्रा पौर्णिमेला संपते, देवी पुन्हा सिंहासनावर येते, आणि त्या वेळेला पोहोचायचं म्हणून माणसं पायी निघतात. सोलापूर ते तुळजापूर साधारण पंचेचाळीस किलोमीटर. शिवाय कर्नाटकातून, लातूरकडून, बार्शीकडून येणारी वेगळीच. दिवसा अश्विनाचं ऊन सोसत नाही, म्हणून चालायचं रात्री. शहरात कोजागरी म्हणजे गच्चीवर आटवलेलं केशरी दूध. आपल्याकडे कोजागरी म्हणजे पायाला आलेले फोड.

या वाटेवरची आराधी गाणी मी लहानपणापासून ऐकत आलो. झांज, तुणतुणं, गळ्यात कवड्यांची माळ. त्या गाण्यांत देवी आई आहे, थोरली बहीण आहे, कधी रागावलेली सून आहे, आणि गाणारी तिच्याशी भांडते, रुसते, तिला साडीचोळी नेसवते. पौर्णिमेच्या टिपूर उजेडात, शेकडो बायकांत, मोकळ्या आवाजात बाई गाते, आणि तेव्हाही ती नवऱ्याविषयी गात नाही. माझ्या म्हणण्याला यापेक्षा मोठा पुरावा मला देता येणार नाही. शृंगाराला जी रात्र सगळ्यात योग्य, ती रात्र बाईनं मोकळीक मिळताच आईकडे जायला वापरली.

पौर्णिमेच्या यात्रा पौर्णिमेलाच का, याचं कारण शास्त्रात शोधणारे शोधोत. रस्त्यावर दिवे नव्हते, वाटेत नाले-ओढे होते, साप-किरडू होतं, लेकरं कडेवर होती. ज्या काळात हजारो माणसं एका रात्री चालवायची त्या काळात दुसरी तिथी परवडलीच नसती.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. उमरगा-लोहारा भागातली मंडळी इथं बसली आहेत. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक निजले होते. पहाटे चारच्या सुमाराला, म्हणजे जुन्या हिशेबानं बरोबर दळणाच्या वेळी, भूकंप झाला. किल्लारी लातूर जिल्ह्यातलं, सास्तूर आपलं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आकाशात जवळपास पूर्ण चंद्र होता. ज्यांनी त्या रात्री ढिगाऱ्यातून आपलं माणूस हातानं उकरून काढलं त्यांच्यासमोर चांदण्याच्या रम्यतेवर बोलताना जीभ अडखळायलाच हवी. मेली ती बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंतींखाली, माळवदाच्या ओझ्याखाली. त्याच घरात ओवी वाढली होती, हे विसरून जुन्या घरांचं गुणगान करणं मला जमत नाही. नंतर दोन्ही जिल्ह्यांत मिळून बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. पत्र्याची, काँक्रीटची, ओळीत बांधलेली घरं. जाती ढिगाऱ्यात राहिली, काहींनी ती उचलून आणली आणि दाराशी पायरी म्हणून टाकली. गिरण्या त्याआधीच आल्या होत्या. त्यामुळे ओवी भूकंपानं मारली असं म्हणता येणार नाही. पण ती जिला येत होती अशा कितीतरी बाया एका पहाटेत गेल्या.

मग चांदण्यातली प्रेमगाणी आली कुठून? एक वाट लावणीची. शेजारच्या सोलापूरचा राम जोशी, पुण्याचा दरबार, फडावरची रात्र. पुरुषांनी रचलेली, पुरुषांसमोर गायिलेली ती गाणी. तिथं चंद्र दिवाणखान्यातल्या समईसारखा हवा तेव्हा लावता येतो. ती कला मोठी आहे, तिला कमी लेखत नाही. दुसरी वाट सिनेमाची. त्यातही ना. धों. महानोरांसारख्या माणसाला दोन्हीतला फरक पुरेपूर ठाऊक होता. 'रानातल्या कविता' लिहिणारा, 'जैत रे जैत'ची गाणी लिहिणारा हाच कवी आपल्या गावातल्या बायकांची गाणी 'पळसखेडची गाणी' म्हणून वेगळी जपतो, त्यात स्वतःचं मिसळत नाही. त्यांच्या मागून आलेल्या अनेकांना हा विवेक राहिला नाही. कॅसेटच्या जमान्यात 'लोकगीत' म्हणून जे विकलं गेलं त्यात चंद्र, चोळी आणि शेताचा बांध एवढं असलं की पुरे होतं. तीच गाणी आज शाळेच्या स्नेहसंमेलनात 'आपली परंपरा' म्हणून नाचवली जातात, आणि आजी पहिल्या रांगेत बसून कौतुकानं टाळ्या वाजवते. तिची स्वतःची गाणी तिला कुणी विचारत नाही.

ही गाणी आपण मिळवली तरी कशी मिळवायची, हा शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा. उमरग्याच्या पलीकडे, सीमा ओलांडली की बसवकल्याण. चालुक्यांचं कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर, त्यानं १२व्या शतकात, ११२९च्या सुमाराला, 'मानसोल्लास' हा ग्रंथ संस्कृतात सिद्ध केला. त्यात ओवीचा उल्लेख आहे : महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात. नऊशे वर्षांपूर्वीच्या राजानं या गाण्याची ओळख कामावरून दिली. रस कोणता, विषय कोणता, हे त्याला पुढचं वाटलं. आपल्या विसाव्या शतकातल्या संग्रहकांनी, साने गुरुजींपासून सरोजिनी बाबरांपर्यंत, प्रचंड कष्ट केले. त्यांच्याशिवाय आज हातात काही उरलं नसतं. पण बहुतेक संग्रहांत ओव्या नात्यांप्रमाणे लावल्या : आई, भाऊ, लेक, देव. त्यात काळ-वेळ गळून गेली. ही ओवी दळतानाची की पाळणा हलवतानाची, अंधारातली की अंगणातली, एकटीनं म्हटलेली की दोघींनी, हे पुस्तकातून कळत नाही. पुष्कळदा गाणारीचं नावही कळत नाही. अपवाद आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी हजारांवर गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि गाणारीचं नाव-गाव सोबत ठेवलं. 'पारी' या संकेतस्थळावर ते भांडार आज ऐकायला मिळतं. बाबासाहेबांवरच्या ओव्याही तिथं आहेत. ज्या छंदात भाऊ गायला गेला त्याच छंदात भीमराव आले. १९४१ साली बाबासाहेब परिषदेसाठी आपल्या कसबे तडवळ्याला आले होते. त्या परिसरातल्या म्हाताऱ्या बायकांकडे अशा ओव्यांची चौकशी कुणी नीट बसून करायला हवी.

आज रानात रात्रीचं चांदणं पुन्हा कामाला लागलं आहे. एक आठवडा दिवसाची लाइट, एक आठवडा रात्रीची. थंडीत दारं धरायला शेतकरी रात्री दोनला उठतो. खिशातला मोबाइल गात असतो. तो स्वतः गात नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला झोप हवी आहे.

महाविद्यालयातल्या मुलामुलींना माझी विनंती आहे. प्रकल्पासाठी 'लोकगीतातील चंद्रप्रतिमा' असले विषय घेऊ नका. तुमच्या घरात, गल्लीत सत्तरी ओलांडलेल्या बाया आहेत. त्यांची परवानगी घ्या, जवळ बसा, गाणं मोबाइलवर घ्या आणि वहीत लिहा : कोणतं काम करताना म्हणायचीस, किती वाजता, जवळ कोण असायचं, उजेड होता का. शब्द त्यांच्या तोंडचे जसे आहेत तसेच ठेवा, पुस्तकी करू नका. आणि पानाच्या वरच्या बाजूला त्यांचं पूर्ण नाव लिहा, माहेरच्या गावासकट.